गार्टर साप नर की मादी? शेपटीवरून ओळखायचं कसं

पाळलेल्या गार्टर सापाला घरातले सगळे तीन वर्षं ‘तो’ म्हणत असतात. मग एका सकाळी पेटीत पाण्याच्या भांड्याभोवती शिसपेन्सिलीहून बारीक वीस-पंचवीस पिल्लं वळवळताना दिसतात. गार्टर पाळणाऱ्यांना असा धक्का नवा नाही. अंडी घालणारा साप निदान अंड्यांवरून आधी सूचना देतो. गार्टर मादी अंडी घालत नाही, दोन-तीन महिने पिल्लं पोटात वाढवते आणि थेट जिवंत पिल्लं देते. एका वेळी दहा ते चाळीस पिल्लं ही नेहमीची गोष्ट आहे. त्यामुळे एकाच पेटीत दोन साप ठेवायचे असतील, तर त्यातला नर कोण आणि मादी कोण हे आधी कळलेलं बरं.

अडचण अशी की सापाला बाहेरून दिसेल असं लिंग नसतं, आयाळ नसते, तुरा नसतो. तरीही गार्टरचा नर-मादी भेद त्याला जराही त्रास न देता बऱ्यापैकी खात्रीने सांगता येतो. थोडी मोजणी करायची तयारी मात्र हवी.

आधी सापाची ओळख

गार्टर हा उत्तर अमेरिकेतला साप, शास्त्रीय भाषेत थॅम्नोफिस. नानेटी आणि दिवड ज्या उपकुळातले, त्याच उपकुळातला. अंगावर लांबच लांब पट्टे, चपळ हालचाल, पाण्याजवळचा वावर आणि पकडलं की दुर्गंधी सोडण्याची सवय ही त्याची खूण. सगळ्यात जास्त पाळली जाणारी जात थॅम्नोफिस सिर्टॅलिस. तिची मादी मीटरभर होऊ शकते, नर बहुतेकदा ६०-७० सेंटिमीटरच्या आसपास थांबतो.

सापाची शेपूट कुठून सुरू होते?

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही, आणि निम्म्या चुका इथेच होतात. साप म्हणजे सगळी शेपूटच, असं वाटतं. प्रत्यक्षात डोक्यापासून बऱ्याच मागेपर्यंत धड असतं आणि त्यात बरगड्या असतात. धड जिथे संपतं तिथे पोटाच्या बाजूला एक आडवी फट असते. विष्ठा, लघवीचा पांढरा खडूसारखा भाग, पिल्लं, सगळं या एकाच वाटेने बाहेर पडतं. या वाटेच्या आतल्या पोकळीला अवस्कर म्हणतात, आपण बाहेरच्या फटीला नुसती ‘फट’ म्हणू. फटीच्या मागे जे उरतं ती शेपूट.

साप उलटा धरून पाहिला तर ही सीमा स्पष्ट दिसते. पोटावर शेवटपर्यंत एकेक रुंद, आडवा खवला असतो, पायऱ्यांसारखा. फटीवर एक मोठा खवला झाकणासारखा असतो. गार्टरमध्ये तो अखंड असतो, मधून दुभंगलेला नसतो. त्याच्या मागे लगेच खवल्यांची रचना बदलते. एका रुंद खवल्याऐवजी आता दोन-दोन खवल्यांच्या जोड्या सुरू होतात आणि टोकापर्यंत नागमोडी शिवणीसारख्या जातात. या जोड्यांना आपण शेपटीच्या जोड्या म्हणू. पुढची सगळी मोजणी त्यांच्यावर चालते.

नराच्या शेपटीत काय असतं

नराची जननेंद्रियं दोन असतात आणि ती शरीरात, शेपटीच्या बुडाशी, उलटी दुमडलेली असतात. त्यांना हेमिपेनिस म्हणतात. पायमोज्याचा पुढचा भाग आतून चिमटीत धरून मागे ओढला की मोजा स्वतःच्याच पोटात जातो, तसं. मीलनाच्या वेळी त्यांतलं एक रक्ताच्या दाबाने उलगडून फटीतून बाहेर येतं. काम झालं की एक लांब स्नायू त्याला पुन्हा आत खेचतो. हा स्नायू शेपटीत बराच मागे, मणक्यांना जोडलेला असतो.

म्हणजे नराच्या शेपटीत फटीच्या डाव्या-उजव्या बाजूला दोन नळ्या आणि त्यांच्यामागे दोन स्नायू इतकं सामान भरलेलं असतं. त्याला जागा लागते. म्हणून नराची शेपूट बुडाशी जाड असते आणि लांबही असते. मादीच्या शेपटीत हे सामान नसल्याने ती फटीपासूनच बारीक होत जाते. बाहेरून ओळखण्याच्या सगळ्या पद्धती या एका फरकावर उभ्या आहेत.

दुर्गंधीच्या ग्रंथी मात्र नर-मादी दोघांनाही असतात, आणि त्याही शेपटीच्या बुडाशीच. साप हातात घेतल्यावर घाण वास सोडतो म्हणून तो नर, असं काही नसतं.

नुसत्या डोळ्यांनी पाहायचं असेल तर

साप हातात धरून उलटा करण्याची गरज नाही. सपाट तळाचा, पूर्ण पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा घ्या, साप त्यात सोडा, डबा दोन उंचवट्यांवर ठेवा आणि खालून मोबाइलने फोटो काढा. शेपूट सरळ असेल तेव्हाचे पाच-सहा फोटो हवेत. वळलेल्या शेपटीचा फोटो फसवतो, कारण वळणाच्या आतल्या बाजूला ती नेहमी जाड दिसते.

फोटो मोठा करून फटीपाशी शेपटीची रुंदी पाहा, मग पाचव्या जोडीपाशी, मग दहाव्या जोडीपाशी. नरात फटीनंतरच्या सहा-आठ जोड्यांपर्यंत रुंदी जवळजवळ तशीच राहते, दोन्ही कडा समांतर धावतात आणि मग शेपूट हळूहळू निमुळती होते. काही नरांत फटीच्या लगेच मागे किंचित फुगवटाही दिसतो. मादीत फट ओलांडताच कडा आत वळतात. टोक केलेल्या पेन्सिलीचं लाकूड जिथून तासायला सुरुवात होते, तशी ती जागा दिसते. धड रुंद आणि शेपूट एकदम अरुंद, असा तो खांदा लक्षात राहण्यासारखा असतो.

एकट्या सापाकडे पाहून हे ठरवणं नवख्याला जड जातं. दोन साप शेजारी ठेवले की डोळा लगेच तयार होतो. एकाच वेताची पिल्लं असतील तर त्याहून सोपं. वय एकच असल्याने सगळ्यांच्या शेपट्यांचे फोटो एका रांगेत लावले की त्यांचे दोन गट पडलेले दिसतात. नुकत्या जन्मलेल्या, १५ ते २० सेंटिमीटरच्या एकट्या पिल्लावर मात्र नजरेने निकाल देऊ नये. सहा महिने ते वर्षभर थांबलं तर काही बिघडत नाही.

साप खाऊन दोन दिवस झाले नसतील, किंवा डोळे दुधाळ होऊन कात टाकायला आला असेल, तर यातलं काहीच करू नका. आणि कधीही, कोणत्याही कारणाने, गार्टरला शेपटीने लोंबकळत धरू नका. तो सुटण्यासाठी अंगाला गिरकी घेतो आणि शेपटीचं टोक तुटतं. पालीसारखं ते पुन्हा येत नाही.

लांबीचं गणित

नजरेवर भरवसा नसेल तर लांबी मोजा. डब्याच्या फोटोत शेजारी पट्टी ठेवून, किंवा सापाच्या पाठीच्या मध्यरेषेवरून दोरा फिरवून, दोन मापं घ्यायची. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंतची एकूण लांबी आणि फटीपासून टोकापर्यंतची शेपूट. शेपटीला एकूण लांबीने भागून शंभरने गुणलं की टक्केवारी मिळते.

सिर्टॅलिस जातीत नराची शेपूट ढोबळमानाने एकूण लांबीच्या चौथ्या हिश्शाइतकी किंवा थोडी जास्त असते. मादीची पाचव्या हिश्शाहून थोडी जास्त. समजा दोन साप ७० सेंटिमीटरचे आहेत. एकाची शेपूट १८.५ सेंटिमीटर भरली, म्हणजे २६ टक्क्यांच्या वर, तो बहुधा नर. दुसऱ्याची १५ भरली, म्हणजे २१ टक्क्यांच्या आसपास, ती बहुधा मादी. २३-२४ टक्के आले तर या पद्धतीने निकाल लागत नाही. त्या पट्ट्यात नरही सापडतात आणि माद्याही. जातीजातींत हे आकडे बदलतात, म्हणून तुलना नेहमी त्याच जातीच्या सापाशी करा.

इथला मोठा खड्डा म्हणजे तुटलेली शेपूट. गार्टरमध्ये ही इतकी सर्रास आढळते की मोजण्याआधी टोक पाहणं हा नियमच असावा. शाबूत शेपटीच्या टोकाला एकच शंकूसारखा, टोकदार खवला असतो. टोक बोथट, गोलसर किंवा काळपट झालेलं दिसलं तर तुकडा गेलेला आहे. अशा नराची टक्केवारी सरळ मादीसारखी येते. तेव्हा लांबी सोडून द्या आणि फक्त बुडाच्या जाडीकडे पाहा, कारण शेपटीचं टोक तुटल्याने हेमिपेनिसची जागा बदलत नाही.

टाकलेली कात

मला विचाराल तर घरच्या पद्धतींत सगळ्यात चांगली हीच. सापाला हातही लावावा लागत नाही, मोजणी सावकाश करता येते, चुकली तर पुन्हा करता येते.

कात डोक्याकडून उलटी होत निघते, त्यामुळे हातात येते ती आतली बाजू बाहेर आलेली. वाळलेली कात ओढू नका, चुरा होतो. कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवा, पसरट ताटलीत पाण्याखालीच उलगडा, मग काचेवर किंवा पारदर्शक फाइलवर पसरून खिडकीच्या उजेडासमोर धरा. पोटाचे रुंद खवले मागे मागे पाहत गेलात की फटीवरचा अखंड खवला सापडतो. त्याच्या मागच्या पहिल्या जोडीला १ म्हणा आणि टोकापर्यंत मोजा. दर दहा जोड्यांनंतर काचेवर मार्करने ठिपका दिला तर गोंधळ होत नाही.

लांबीऐवजी जोड्या मोजण्याचं कारण साधं आहे. कात ओली झाली की ताणली जाते आणि सापाहून लांब भरते. खवल्यांची संख्या मात्र ताणून वाढत नाही, आणि ती वयानेही वाढत नाही. पिल्लू जितके खवले घेऊन जन्मतं तितकेच आयुष्यभर राहतात. त्याच जातीच्या मादीपेक्षा नराच्या शेपटीत सरासरीने काही जोड्या जास्त असतात. इथेही दोघांचे आकडे काठावर एकमेकांत मिसळतात, म्हणून जोड्यांची संख्या आणि बुडाची जाडी दोन्ही एकच गोष्ट सांगत असतील तरच ती पक्की धरा. कातीच्या शेपटीचं टोक बरेचदा पेटीतच अडकून राहतं, ते शोधून काढल्याशिवाय मोजायला बसू नका.

नराच्या कातीवर कधी कधी फटीच्या कडेला दोन बारीक, वाळलेल्या धाग्यांसारखे किंवा पिशवीसारखे तुकडे चिकटलेले दिसतात. हेमिपेनिसच्या आतल्या अस्तराचे ते अवशेष असतात. नीट जपलेल्या कातीत ते दोन्ही बाजूंना सारखे दिसले तर तो भक्कम पुरावा. दिसले नाहीत तर त्यावरून काहीच ठरत नाही.

मग सळई घालून का पाहत नाहीत?

पाहतात. त्याला प्रोबिंग म्हणतात आणि अनुभवी पशुवैद्य ते करतात. गुळगुळीत, गोल टोकाची एक-दोन मिलिमीटर जाडीची निर्जंतुक धातूची सळई वंगण लावून फटीच्या एका कोपऱ्यातून शेपटीच्या दिशेने अलगद सरकवतात. नर असेल तर ती दुमडलेल्या हेमिपेनिसच्या नळीत शिरते आणि आठ किंवा त्याहून जास्त खवल्यांइतकी आत जाते. मादीत दोन ते चार-पाच खवल्यांवर थांबते. सळई जिथे अडली तिथे अंगठ्याने खूण धरून बाहेर काढतात आणि तेवढी लांबी बाहेरून खवल्यांवर ठेवून मोजतात.

ऐकायला सोपं, पण चुका दोन्ही बाजूंनी होतात. घाबरलेला नर स्नायू आवळून धरतो, सळई लवकर अडते आणि तो ‘मादी’ ठरतो. उलट, मादीत थोडा जोर जास्त लागला की सळई ऊतक फाडून पुढे जाते आणि ती ‘नर’ ठरते. या दुसऱ्या चुकीत नुसती नोंद चुकत नाही, जखम होते आणि जंतुसंसर्ग होतो. गार्टरसारख्या सडपातळ सापात चुकीला जागाच नसते. मादीच्या शेपटीत दुखण्यासारखं काही नसतं असं कुणी म्हणालं तर तेही खरं नाही. २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड विद्यापीठाच्या संशोधकांनी नऊ जातींच्या माद्यांत, शेपटीच्या याच भागात, मज्जातंतूंनी भरलेला हेमिक्लिटोरिस हा अवयव असल्याचं तपशीलवार दाखवलं. त्याआधी त्याला कुणी गंधग्रंथी समजायचं, तर कुणी खुरटलेला हेमिपेनिस.

दुसरी पद्धत पॉपिंग. काही दिवसांच्या पिल्लाच्या फटीमागे अंगठा ठेवून तो पुढे फटीकडे अलगद गुंडाळत आणतात, त्या दाबाने नराचे हेमिपेनिस दोन लालसर फोडांसारखे बाहेर डोकावतात. सरावलेल्या माणसाच्या हातून हे काही सेकंदांत होतं. न सरावलेल्याच्या हातून नाजूक मणके दुखावतात. मादीत याच दाबाने गंधग्रंथींची दोन बारीक तोंडं लाल ठिपक्यांसारखी दिसतात आणि नवखा माणूस त्यांनाच हेमिपेनिस समजतो. पिल्लू मोठं होत गेलं की स्नायू बळकट होतात, मग ही पद्धत चालत नाही आणि चालवूही नये.

दोन्ही पद्धतींना एकच तर्क लागू आहे. हेमिपेनिस प्रत्यक्ष दिसला तर तो नर, यात वाद नाही. दिसला नाही तर ती मादीच, असं म्हणता येत नाही. ‘तपासलं, मादी आहे’ असं सांगून दिलेल्या सापांपैकी काही पुढे नर निघतात ते यामुळेच.

‘पण आमचा साप मोठा आहे, म्हणजे नर ना?’

गार्टरमध्ये उलट आहे, मादीच मोठी असते. पण आकार वयावर आणि खाण्यावरही अवलंबून असतो. भरपूर खाऊ घातलेला नर अर्धपोटी मादीपेक्षा मोठा दिसेल. पूर्ण वाढ झालेला साप मीटरच्या जवळ गेला असेल तर मादीची शक्यता खूप जास्त, एवढंच म्हणता येतं.

रंगाचा तर काहीच संबंध नाही. धामण ही नागाची मादी असते या जुन्या समजुतीसारखाच ‘लाल ठिपके असलेला नर’ हा समज. गार्टरच्या रंगातले फरक जातीचे, उपजातीचे आणि पैदाशीचे असतात. तसंच फटीशेजारी नखासारखे काटे शोधत बसू नका. ते अजगर आणि बोआ यांच्यात असतात, गार्टरमध्ये नसतातच.

‘एक दुसऱ्याच्या मागे लागतो, मग तोच नर?’

हनुवटी पाठीवर घासत, अंगाला अंग लावून मागे जाणारा बहुतेकदा नर असतो. पण ज्याच्या मागे तो लागला ती मादीच असेल याची खात्री नसते. कॅनडात मॅनिटोबा प्रांतात नार्सिस इथे वसंतात हजारो लाल पट्ट्यांचे गार्टर हिवाळी बिळांतून बाहेर येतात, आणि एकेका मादीभोवती डझनावारी नरांचा गुंता होतो. तिथे काही नर मादीसारखाच गंध सोडतात आणि इतर नर त्यांच्याभोवतीही गोळा होतात, हे १९८५ मध्येच प्रसिद्ध झालं आहे. नर गंधावर चालतात, आणि गंध फसवू शकतो. ‘दोघं वर्षभर एकत्र आहेत, काही झालं नाही, म्हणजे दोघं एकाच लिंगाचे’ हा अंदाज तर सगळ्यात धोक्याचा. हिवाळ्याची थंड विश्रांती मिळाली नाही तर जोडी शांतच राहू शकते, आणि पुढच्या वर्षी मिळाली की पिल्लं होतात.

‘उबेवरून लिंग ठरतं म्हणतात’

अनेक कासवांत आणि मगरींत ठरतं, गार्टरमध्ये नाही. इथे ते गुणसूत्रांवर ठरतं. नराकडे दोन झेड असतात, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. म्हणजे पिल्लाचं लिंग आईकडून येतं. गाभण मादीला किती ऊब दिली त्याने पिल्लांच्या तब्येतीत फरक पडेल, नर-मादीच्या वाटणीत नाही.

याच गुणसूत्रांमुळे कातीच्या तुकड्यावरून डीएनए चाचणी करता येते. ताजी, कोरडी, बुरशी न लागलेली कात लागते. प्रयोगशाळेला जात नेमकी सांगा. बोआ आणि अजगरांत माणसासारखी एक्स-वाय पद्धत असल्याचं २०१७ मध्ये सिद्ध झालं, त्यामुळे त्यांच्यासाठीची चाचणी गार्टरला लागू पडत नाही.

कळल्यावर काय बदलायचं

नर-मादी निघाले तर वेगळे करा, पण वेगळं केलं म्हणजे विषय मिटला असं समजू नका. गार्टर मादी शुक्राणू शरीरात महिनोन्‌महिने साठवून ठेवते. शरद ऋतूतल्या मीलनाची पिल्लं हिवाळा ओलांडून पुढच्या उन्हाळ्यात येऊ शकतात. क्वचित एकट्या मादीने नराशिवाय पिल्लं दिल्याच्याही नोंदी आहेत. तेव्हा मादीचा मागचा तिसरा हिस्सा भरू लागला, ती सारखी उबेपाशी पडून राहू लागली आणि खाणं टाकलं, तर पेटीच्या फटी आधी बुजवा. पिल्लं फारच अरुंद जागेतून निसटतात. कमी वयाची, पुरती न वाढलेली मादी नराबरोबर ठेवू नये. पिल्लं अडण्याचा धोका तिला जास्त.

नर असेल तर एक गोष्ट माहीत असावी. मीलनानंतर किंवा चुकीच्या तपासणीनंतर हेमिपेनिस कधी कधी आत जात नाही, बाहेर लाल गोळ्यासारखा लोंबतो. तो वाळू देऊ नका. पेटीतली माती, भुसा काढून स्वच्छ ओले कागदी रुमाल घाला, निर्जंतुक सलाइनने भाग ओला ठेवा आणि त्याच दिवशी पशुवैद्याकडे जा. स्वतः ढकलून आत घालू नका. अगदी काढावा लागला तरी साप जगतो, कारण लघवी हेमिपेनिसमधून जात नाही, आणि दुसरा हेमिपेनिस शाबूत असेल तर तो पुढे प्रजननही करतो.

पेटीवर एक चिठ्ठी लावा. तिच्यावर तारीख, एकूण लांबी, शेपटीची लांबी, टोक शाबूत आहे की तुटलेलं, कातीवरच्या जोड्यांची संख्या, आणि शेवटी ‘नर’ किंवा ‘बहुधा मादी’. पुढच्या दोन काती मोजून, दोन्ही वेळा तोच आकडा आला आणि शेपटीचा फोटोही तेच सांगत असेल, की मग ‘बहुधा’ खोडा.